डुलत्या दगडाची साक्ष

आमच्या मुद्दनगुंडीच्या टेकडीवरचा दगड खरं बोलणाऱ्याच्या हाताखाली डुलतो, असं पायथ्याच्या पाटीवर लिहिलेलं आहे. त्या वाक्यातला 'डुलतो' एवढा एकच शब्द मला मान्य आहे.

हत्तीएवढा तो ग्रॅनाइटचा गोळा खालच्या कातळावर अशा बेतानं टेकला आहे की त्याला त्याच्याच लयीत ढकललं तर तो झुलू लागतो. त्याच्या लयीत म्हणजे, तो परत येऊन पुन्हा पलीकडे जायला निघतो त्या क्षणी थोडासा दाब द्यायचा आणि हा थोडासा दाब पुन्हा पुन्हा देत राहायचा. झोपाळ्याला झोका देणाऱ्या कुणालाही हे कळतं. पण दूरदूरच्या गावांहून आलेला पर्यटक दगडासमोर उभा राहिला की हे विसरतो. अंगातलं सगळं बळ एकदम लावतो, घामाघूम होतो, मित्रांच्या टवाळीचा धनी होतो. दगड ढिम्म. मग आमच्या गावचा वाटाड्या पुढे येतो, दोन तळवे टेकवतो, ओठांतल्या ओठांत आपल्या घरातलं गाणं पुटपुटतो, आणि दगड डुलतो. दाब येतो तो गाण्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी. ओळ म्हणायला लागणारा वेळ आणि दगडाच्या एका येरझारीचा वेळ सारखाच आहे. कुणातरी पूर्वजानं हे फार हुशारीनं जुळवलं आणि पुढच्या पिढ्यांनी ती हुशारी विसरून फक्त गाणं लक्षात ठेवलं. दगड गाण्यानं हलतो, अशी वाटाड्यांची प्रामाणिक समजूत आहे.

मी तीस वर्षं इथल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. दरवर्षी हे सगळं सूत्रासकट फळ्यावर मांडलं. माझे विद्यार्थी ते उतरवून घेत आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी दगडाला नारळ फोडून येत.

गेल्या हिवाळ्यात बेंगळुरूहून एक तरुण आला. अशी विचित्र ठिकाणं हिंडून त्यांचे व्हिडिओ करणं हा त्याचा व्यवसाय. त्याच्या व्हिडिओत तो आधी मांडीवर अंगठ्यानं ठेका धरतो, मग त्याच ठेक्यात दगड ढकलतो, आणि दगड डुलतो. 'इथल्याच एका माणसानं हे गुपित मला सांगितलं,' असं तो हसून म्हणतो. हा व्हिडिओ किती लोकांनी पाहिला मला ठाऊक नाही. पण त्यानंतर येणारी प्रत्येक टोळी ठेका पाठ करूनच येऊ लागली. आठ-आठ, दहा-दहा जण एकदम दगडाला भिडत, आरडाओरडा करत तो पार कडेपर्यंत झुलवत आणि फोटो काढून निघून जात. वाटाड्यांना कुणी विचारेना. ते टेकडीच्या पायरीवर बसून टोप्यांनी वारा घेत, आणि गुपित आपल्यातल्याच एका बाईनं, द्यामव्वानं, फोडलं असं म्हणत.

वाटाड्यांचा पुढारी कोट्रप्पा. तो माझा जुना विद्यार्थी. मी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं.

"कोट्रप्पा, त्या पोराला मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"दगड कसा हलवायचा ते."

कोट्रप्पानं मिरचीच्या भज्याचा देठ बाजूला टाकला आणि चुरमुऱ्यांची मूठ तोंडात भरली. सावकाश चावून झाल्यावर म्हणाला, "मेष्ट्रे, तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत? मला सांगितलंत, माझ्या पोराला सांगितलंत, दोघांनाही नापास केलंत. तुमच्या सांगण्यानं आजवर कधी दगड हललाय?"

टपरीवरची सगळी माणसं हसली. आमच्याकडे मास्तराला मेष्ट्रु म्हणतात, आणि या शब्दात आदर आणि कीव दोन्ही सोयीनं मावतात.

"या वेळी मी सूत्र सांगितलं नाही," मी म्हणालो. "तो म्हणाला, सर, गणित नको, नुसतं वाजवून दाखवा. मी इथंच, या बाकावर, बोटांनी वाजवून दाखवलं."

"म्हणजे जन्मात पहिल्यांदा नीट शिकवलंत, आणि तेही परक्याला!"

पुन्हा हशा झाला. मग कोट्रप्पा गंभीर झाला.

"हे बघा मेष्ट्रे, द्यामव्वाला वाचवायला तुम्ही अंगावर घेताय, ते कळतंय आम्हाला. पण तो ठेका आमच्या गाण्याचा आहे. गाणं आमच्या घरांबाहेर जात नाही. त्या दिवशी त्या पोराबरोबर वर कोण गेलं होतं? द्यामव्वा. दुसरं कुणी नाही."

"ठेका गाण्याचा नाही, दगडाचा आहे. गाण्यानं तो दगडाकडून घेतला."

"झालं, तास सुरू झाला," कोणीतरी म्हणालं.

द्यामव्वा संडूरकडून लग्न होऊन आलेली. सासरा वाटाड्या होता. नवरा खाणीवर टिपर चालवतो आणि महिन्यातून एकदा घरी येतो. सासऱ्यानं मरण्यापूर्वी गाणं मुलाला न देता सुनेला दिलं, तेव्हापासून दगड दाखवायची त्या घराची पाळी ती सांभाळते. दगडापाशी उभी राहणारी ती पहिली बाई. हे फारसं कुणाला रुचलेलं नव्हतं, पण सासऱ्याचा शब्द मोडण्याची हिंमतही कुणात नव्हती. आता कारण सापडलं होतं. सोमवारी सकाळी तिनं पाण्याची आण घ्यायची, असं ठरलं. नाही जमलं तर त्या घराची पाळी कायमची बंद.

पाण्याची आण म्हणजे अशी: माणसानं आपलं वाक्य सर्वांसमोर एकदा बोलायचं. मग गाणं पुटपुटता येऊ नये म्हणून तोंड पाण्यानं भरायचं आणि दगड ढकलायचा. दगडाच्या खांद्यावर लिंबू ठेवलेलं असतं. लिंबू पडलं तर वाक्य खरं. त्याआधी पाणी गिळलं किंवा सांडलं तर खोटं.

या परीक्षेतली गोम वाटाड्यांच्या लक्षात कशी येत नाही, याचा विचार करत मी दोन दिवस घरात येरझारा घातल्या. द्यामव्वावर आरोप होता दगड हलवण्याची युक्ती फोडल्याचा. ज्याला युक्ती उमगली आहे, तो तोंडात पाणी असतानाही दगड हलवील आणि निर्दोष ठरेल. जिला युक्ती ठाऊकच नाही, फक्त गाणं ठाऊक आहे, ती गाण्यावाचून अडखळेल आणि दोषी ठरेल. गुन्हेगाराला सोडून निरपराधाला पकडणारी इतकी अचूक चाचणी मी दुसरी पाहिलेली नाही. मी ही गोम कोट्रप्पाला समजावली. तो म्हणाला, "एवढं वाकडं दगडाला कुठून सुचणार, मेष्ट्रे?"

रविवारी दुपारी द्यामव्वाच माझ्या दारात आली. आत बसायला तयार नव्हती. उंबऱ्याशी उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"मेष्ट्रे, मी नाही सांगितलं."

"मला ठाऊक आहे. मी सांगितलं."

"मग तुम्ही त्यांना सांगा ना."

"सांगितलं. ते हसले."

तीही हसली, पण तोंडभर नाही.

"ऐक," मी म्हणालो. "अर्ध्या तासात तुला शिकवतो. गाणं लागत नाही. माझ्या बोटांकडे बघ, एवढ्या अंतरानं—"

"नको!" तिनं हात इतका झटकन वर केला की मी थांबलो. "तुमच्या शाळेत कुणी कॉपी केली तर काय करायचात?"

"बाहेर काढायचो."

"मग? आण आहे ती. शिकून घेतलेली आण कसली?"

"द्यामव्वा, दगडाला खरं-खोटं कळत नाही. त्याला फक्त वेळ कळते, आणि तीही कळते म्हणायची. तू घाबरलेली असशील तर हात घाई करतील. घाई केली की लय चुकणार. घाबरलेला खरा माणूस हरेल आणि निगरगट्ट लबाड जिंकेल."

तिनं दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. थरथरत होते.

"शुक्रवारपासून हे असं आहे," ती म्हणाली. "भाकरी थापताना कड फाटते. मी त्या पोराला काही सांगितलं नाही, हे मला माहीत आहे, मेष्ट्रे. पण उद्या दगड नाही हलला तर? मग मी स्वतःवर विश्वास ठेवू की दगडावर?"

मी म्हणालो, स्वतःवर. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, मी फार सोप्या प्रश्नाचं उत्तर दिलं असावं आणि तिनं विचारलेला प्रश्न तो नसावा.

"सासरे जायच्या आधी दगडाला हात लावून बोलले होते, ही पोरगी खरी आहे. तेव्हा हलला होता," ती म्हणाली. "एकदा हलला आणि उद्या नाही हलला, तर मधल्या काळात मीच कुठंतरी बिघडले ना? रात्री-अपरात्री झोपेत बोलले असेन. गाणं गुणगुणताना त्यानं ऐकलं असेल. कोण सांगू शकतं?"

पाळी गेली असती तर तिनं दुसरं काम शोधलं असतं. गावात हातांना काम आहे. पण ही बाई, जिनं काही केलं नव्हतं, ती सोमवारी दुपारी आपण ते केलं असं मानून टेकडी उतरणार होती. कारण एवढंच, की मी एका बाकावर बोटं वाजवली होती. ती गेल्यावर मी चहा केला आणि प्यायचा विसरलो. पुन्हा केला.

सोमवारी टेकडीवर वारा होता. वाटाड्यांची सगळी घरं आली होती. आयती करमणूक सापडल्यामुळे तीसेक पर्यटकही मोबाइल उंचावून उभे होते. तांब्याचा तांब्या यमनूरप्पाच्या हातात होता. तो वाटाड्यांतला सर्वांत वडीलधारा. त्याला कमी दिसतं, पण नियम तोंडपाठ आहेत. दगडाच्या खांद्यावर लिंबू ठेवून झालं होतं. द्यामव्वाच्या चेहऱ्याला रंग नव्हता.

ती पुढे निघाली तेवढ्यात मी म्हणालो, "आधी मी."

"तुम्ही काय?" कोट्रप्पा म्हणाला.

"आण मी घेतो. माझं वाक्य खरं ठरलं तर हिला घ्यावी लागणार नाही. बरोबर ना, अज्जा?"

यमनूरप्पानं माझ्या आवाजाच्या दिशेला मान वळवली. "मेष्ट्रु का? तुमचा तर यावर विश्वास नाही."

"विश्वासाची अट आहे का नियमात?"

म्हाताऱ्यानं खरोखर विचार केला. मला तो माणूस त्यासाठी नेहमीच आवडतो. "नाही," तो शेवटी म्हणाला. "वाक्य आणि पाणी. एवढंच."

"आणि दगड नाही हलला तर, मेष्ट्रे?" कोट्रप्पानं विचारलं.

"तर मी खोटा. पाटीवर लिहून टाक."

"मोठ्या अक्षरांत लिहीन," तो म्हणाला, आणि लोक हसले. द्यामव्वा मात्र हसली नाही. तिचे डोळे माझ्या हातांवर खिळले होते.

मी काय करतो आहे याची मला पूर्ण कल्पना होती. ज्या चाचणीला कवडीची किंमत नाही असं मी आयुष्यभर सांगत आलो, तिच्यासमोर मी एक खरं वाक्य ठेवत होतो, आणि ते खरं आहे हे तिच्याकडून वदवून घेणार होतो, तेही लयीच्या जोरावर. यात लबाडी नेमकी कुठं आहे हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. वाक्यात नव्हती. हातात नव्हती. पण ती तिथं कुठंतरी होतीच.

"त्या बेंगळुरूच्या मुलाला दगड हलवण्याची लय मी सांगितली," मी मोठ्यानं म्हणालो. "द्यामव्वानं नाही." तांब्या तोंडाला लावला, पाणी भरलं, आणि तळवे टेकवले.

तरुणपणी या दगडाची येरझार मी घड्याळ लावून मोजली होती. तो आकडा माझ्या बोटांत बसलेला आहे. त्या मापानं दाब देऊ लागलो. काहीच झालं नाही. पुन्हा मोजलं, पुन्हा दाबलं. दगड किंचित सरकल्यासारखा वाटला आणि माझ्याच पुढच्या दाबानं थांबला. नाकातून श्वास अपुरा पडत होता. मागून कुजबुज आली. कुणीतरी म्हणालं, "गणित चुकलं वाटतं." जबड्यात कळ येऊ लागली. माझा आकडा चुकणार नाही, याची मला खात्री होती, आणि ती खात्रीच हात बिघडवत होती.

मी मोजणं सोडून दिलं. नुसते तळवे ठेवले आणि दगड काय करतो त्याची वाट पाहिली. फार बारीक हालचाल होती: गेला, परत आला. पण माझ्या अपेक्षेपेक्षा उशिरा आला. मी थांबलो, तो तळव्याखालून निघाला तेव्हा दाबलं. पुन्हा थांबलो. प्रत्येक खेपेला तो उशिरा येत होता, थकलेल्या जनावरासारखा, आणि प्रत्येक खेपेला अधिक लांब जात होता. खालून बारीक खरखर ऐकू आली. मग माझ्या डोक्यावरून काहीतरी पिवळं गेलं आणि टेकडीभर आरोळी उठली.

मी पाणी गिळलं.

कोट्रप्पा माझ्या पायांकडे वाकू लागला; मी त्याला दंडाला धरून उभं केलं. मग तो द्यामव्वाकडे वळला आणि खाली मान घालून म्हणाला, "अक्का, चुकलं आमचं. उद्या पहिली पाळी तुझी." ती खडकावर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. पर्यटक टाळ्या वाजवत होते.

"मेष्ट्रे," यमनूरप्पानं विचारलं, "आता काय म्हणता?"

इतक्या वर्षांत माझ्या उत्तरासाठी हे गाव कधी इतकं शांत झालं नव्हतं.

"मी बोललो ते खरं होतं," मी म्हणालो. "आणि दगड हलला."

दोन्ही वाक्यं अचूक होती. त्यांच्यामध्ये मी 'म्हणून' घातला नाही. तो त्यांनी घातला. त्यांच्या चेहऱ्यांवर तो घातला जाताना मला दिसला. आता मी तोंड उघडून लयीचं सांगितलं असतं तर द्यामव्वाची सुटका तिथल्या तिथं मोडली असती. म्हणून सांगितलं नाही.

पण मला स्वस्थता नव्हती, आणि तिचं कारण वेगळं होतं. मी गुडघे टेकून दगडाच्या खाली पाहिलं. जिथं तो कातळावर टेकतो, तिथं कपारीत ताजा पांढरा चुरा पडला होता. पाऊसवाऱ्यानं काळ्या पडलेल्या दगडात तो मिठासारखा उठून दिसत होता.

मी उठलो आणि म्हणालो, "उद्या पाळी नको. कुणाचीच नको. मी सांगेपर्यंत दगडाला कुणी हात लावायचा नाही."

माझी अपेक्षा होती की आता वाद होईल. उत्तरांची मी मनात जुळवाजुळव करत होतो. कोट्रप्पानं मान हलवली, दोघांना दोर आणायला खाली पाठवलं, आणि पर्यटकांना हातांनी मागे सारू लागला. एकानंही का म्हणून विचारलं नाही. ज्याची साक्ष दगडानं दिली त्याचा शब्द ते ऐकत होते. मी सांगितलं असतं की दगडाभोवती उपाशी पोटी नाचा, तरी ते नाचले असते. आयुष्यभर पुरावे देऊन जे मिळालं नाही, ते एका लिंबानं दिलं होतं, आणि ते मला कुठं ठेवावं कळत नव्हतं.

"कशावरून?"

द्यामव्वा उठून उभी होती. डोळे अजून ओले होते, पण आवाज संतापलेला होता.

"मला सोडवलंत आणि लगेच दगड बांधून टाकताय? कशावरून?"

"मी तरुणपणी मोजला होता त्यापेक्षा तो आज सावकाश झुलतो आहे," मी म्हणालो. "उशिरा परततो. म्हणजे त्याला परत आणणारी ओढ कमी झाली. टेकायची जागा झिजली असावी. त्या टोळ्या त्याला कडेपर्यंत झुलवतात ना, त्यानं. ओढ अशीच कमी होत गेली तर एके दिवशी तो जाईल आणि परत येणारच नाही. खाली पायऱ्या आहेत. पायऱ्यांवर माणसं असतात."

"हे सगळं तुम्हाला आत्ता हातांना कळलं?"

"हो."

"एकदाच?"

"एकदाच."

"तुमचे हात थरथरत होते," ती म्हणाली. "मी बघत होते. घाबरलेला माणूस घाई करतो, असं कालच सांगितलंत मला. तुम्हीच घाईत असाल, म्हणून तो उशिरा आल्यासारखा वाटला असेल."

हा आक्षेप बिनतोड होता. मला तो स्वतःला सुचायला हवा होता.

"शक्य आहे," मी कबूल केलं. "म्हणूनच मोजायला हवं. हलका धक्का द्यायचा, घड्याळ लावायचं, पुष्कळ वेळा."

"आणि तुम्ही चुकलेले निघालात तर?"

"तर पाळी सुरू."

"बरोबर निघालात तर?"

मी दोर आणायला गेलेल्यांच्या वाटेकडे पाहिलं. तिनंही तिकडे पाहिलं, मग दगडाकडे.

"कोण मोजणार?"

"मी."

"तुम्ही एकटे?" ती म्हणाली. "तुम्हाला तर आधीच वाटतंय की तो झिजलाय. मग तेच येणार. मी बसते शेजारी. आकडा मीही घेणार, आणि तुम्ही मला तुमचा आधी दाखवायचा नाही."

"चालेल," मी म्हणालो.

तिकडे दोर आला होता. दोघे जण तो दगडाला आवळायला निघाले होते. द्यामव्वा पदर खोचून त्यांच्या अंगावर धावली. "ए कोट्रप्पा, थांबव त्यांना! आवळू नका, अजून मोजायचाय तो!"